मागच्या वर्षीचं रक्त

"ताई, अभिनंदन," फोनवर वरच्या वॉर्डातली सिस्टर म्हणाली. "भाऊजी नॉर्मल. आत्ताच आकडा आला, एक पूर्णांक एक. मला राहवेना, मी त्यांना सांगूनसुद्धा टाकलं. असे हसले म्हणून सांगू. अर्ध्या तोंडानं का होईना, पण हसले. डॉक्टर कालच म्हणाले होते ना, आकडा खाली आला तर बारा वाजता चमच्यानं भरवून बघू, वर गेला तर नाकातली नळी राहू दे. आणि व्यायामाच्या वॉर्डात एक खाट रिकामी झालीय. संध्याकाळी तिकडे हलवता येईल. ऐकताय ना?"

ती ऐकत होती. तिच्या डाव्या हातात करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी होती आणि कुपीवरचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. कुपीवर तिच्याच अक्षरात 'नॉ.' आणि खाली तारीख. तारीख मागच्या वर्षीची. समोरच्या पडद्यावर नवऱ्याचं नाव, नावापुढे सीआरपी, त्यापुढे १.१, आणि त्याही पुढे एक हिरवी खूण. हिरवी खूण म्हणजे अहवाल वर पोचला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "मी वर येते."

"या की. पण आता घाई कशाला? निवांत या."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सांगायचं ते सांगितलंच नाही. एकच वाक्य होतं. तो आकडा त्यांचा नाही. पण तसं म्हणणंही खरं नव्हतं. आकडा त्यांचाच होता. नाव बरोबर, रक्त बरोबर, मशीन बरोबर. चुकलं होतं ते फक्त वर्ष.

चुकांची वही. पहिला रकाना, काय झालं:

झालं ते असं. साडेआठला डासानं ट्रे आणून ठेवला. डास म्हणजे सकाळी वॉर्डावॉर्डांतून रक्त ओढत फिरणारा तिचा सहकारी. सगळं हॉस्पिटल त्याला डास म्हणतं आणि तोही फोन उचलून 'डास बोलतोय' म्हणतो. एरवी ट्रे ठेवताना तो एखादा विनोद टाकून जायचा, आज नुसता एका नळीवर बोट टेकवून गेला. तिच्या नवऱ्याचं चौथ्या दिवसाचं रक्त. तिनं ते मशीनला लावलं आणि दहा मिनिटांनी पडद्यावर सदुसष्ट उमटले, लाल अक्षरांत. शरीरात कुठेही आग लागली, की यकृत सीआरपी नावाचं एक प्रथिन रक्तात सोडतं. ते मोजलं की आग केवढी ते कळतं, कुठे ते कळत नाही. परवा नऊ होते, काल एकतीस, आज सदुसष्ट. मेंदूला झटका बसला की थोडी आग असणारच, आणि पहिल्या आठवड्यात ती जितकी लवकर निवेल तितकी माणसाची उभारी बरी, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, जणू तिला ते ठाऊक नव्हतं. वर हेही म्हणाले होते, की आकड्यावरून माणूस सांगता येत नाही. पण चौथ्या दिवशी अशी उसळी म्हणजे बहुतेक वेळा छाती. गिळता येत नाही, लाळ चुकीच्या वाटेनं जाते आणि खाली फुप्फुसात कुजते. तेवीस वर्षं ती असे आकडे परक्यांच्या नावांपुढे पाहत आली होती आणि कधी कुठल्या आकड्याशी तिनं हुज्जत घातली नव्हती. आज घातली. मशीन बिघडलंय, ती मनात म्हणाली, आणि मशीन तपासायला फ्रीजरकडे गेली. उणे वीस अंशांवर, धडधाकट माणसांच्या रक्ताच्या कप्प्यात, तिचा नवरा सात कुप्यांमध्ये ठेवलेला होता. तिनं एक काढली. तळहातात धरून वितळवली. मशीन तपासायच्या कुपीला पिवळं, बिननावाचं स्टिकर लावायचं असतं. पण टेबलावर त्यांच्या नावाचं एक पांढरं स्टिकर पडलेलं होतं, प्रत्येक नळीबरोबर एक जास्तीचं येतं तसं, आणि हातानं ते उचललं. मशीनला वाटलं, तोच नमुना पुन्हा लावलाय, म्हणजे पहिला आकडा चुकला असणार. त्यानं सदुसष्ट बाजूला सारले आणि एक पूर्णांक एक धरला. आणि इथली रीत अशी, की वाईट आकडा माणसाच्या सहीसाठी थांबून राहतो आणि चांगला आपल्या पायांनी वर जातो. कालच्या आकड्याशी ताडून घंटा वाजवायची सोय मशीनमध्ये होती. फार वाजते, डोकं उठतं, म्हणून सगळ्यांनी मिळून ती बंद करून ठेवली होती. सगळ्यांत तीही होती.

दुसरा रकाना, कोणाच्या लक्षात आलं: माझ्या.

तिसरा रकाना, कारण:

तिनं वही मिटली. भिंतीवर दहाला पाच कमी होते. बारापर्यंत दोन तास होते, म्हणजे घाई नव्हती, आणि फोन समोरच होता, म्हणजे वर जायचीही गरज नव्हती. बटण दाबायचं आणि सांगायचं. तरीही ती हात धुवायला नळाखाली उभी राहिली आणि बोटांची एकेक बेचकी इतकी निगुतीनं धुऊ लागली, जशी नोकरीच्या पहिल्या महिन्यात धुवायची.

नॉर्मल हे नाव त्यांना लॅबनंच दिलेलं. रसायनाचा नवा डबा आला, की तो आधी निरोगी माणसाच्या रक्तावर चालवून बघायचा असतो, आणि हॉस्पिटलात निरोगी माणूस म्हणजे वाळवंटात होडी. डॉक्टर सगळे साखरवाले, डासाला रक्तदाब, तिला स्वतःला हिमोग्लोबिनची कायमची रड. रस्त्यापलीकडे यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. ती फोन करायची, "अहो, येता का, डबा आलाय." मग हातातली कानस तशीच ठेवून, गिऱ्हाइकाला 'आलोच, रक्त देऊन येतो' असं सांगून हे रस्ता ओलांडायचे, आणि दारातूनच बाही वर करत म्हणायचे, "नॉर्मल हजर." गिऱ्हाइकांना वाटायचं केवढा हा दाता. डास सुई टोचता टोचता म्हणायचा, "भाऊजी, रक्तात तुमच्या शोधूनही खोट सापडत नाही. खोट सगळी जिभेत." आणि हे म्हणायचे, "जीभ रोज घरी तपासली जाते. तिथला अहवाल फार वाईट येतो." अकरा वर्षं. अकरा वर्षांत या लॅबमधून ज्याचं ज्याचं रक्त गेलं, त्या हजारो लोकांचं बरंवाईट कुठेतरी या एका किल्लीवाल्याच्या दंडाशी ताडून ठरलं होतं, असं तिला कधीकधी वाटायचं, आणि मनातल्या मनात ती त्या गोष्टीचा तोरा मिरवायची. लोकांच्या बायकांना नवऱ्याच्या शर्टाचं माप ठाऊक असतं. तिला यांच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण ठाऊक होतं, घोरण्याची वेळ ठाऊक होती, आणि दोन्हींत कधी फरक पडत नसे.

मग मंगळवारी सकाळी पडला. दुकानात एक बाई कपाटाची किल्ली करून घेत उभी होती. किल्ली यांच्या हातातून खाली पडली. हे उचलायला वाकले, आणि हात काही वाकला नाही. बाई हसली, कारण हा माणूस सदा नकला करतो हे साऱ्या रस्त्याला माहीत. "अहो, पुरे आता, मला उशीर होतोय," ती म्हणाली. यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बरं." बाईनं पुन्हा काहीतरी म्हटलं. पुन्हा "बरं." असं पाच-सात मिनिटं चाललं असावं. तेव्हापासून आजतागायत त्यांच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. दुखतंय का? बरं. पाणी हवं? बरं. मला ओळखलंत? बरं. रस्ता ओलांडून दुकानातल्या खुर्चीसकट त्यांना इकडे आणलं, तेव्हा ती खाली यंत्राशी होती आणि तिला कोणी हाक मारली नाही, हिंमत झाली नाही कोणाची. डासानं रक्ताची नळी आणून तिच्यापुढे ठेवली आणि उभा राहिला. तिनं नाव वाचलं. तिला वाटलं, नवा डबा आला असेल. नवरा दिसायच्या आधी तिला त्यांचं रक्त भेटलं, अजून कोमट होतं, आणि तिनं ते मुठीत तसंच धरून ठेवलं, जसं बाजारातून चालताना कोणाचं बोट धरावं.

कारण: मशीनवर संशय आला म्हणून.

हे खरं नव्हतं. सदुसष्ट आकडा पाहिला त्या क्षणी तिला तो खरा आहे हे कळलं होतं. काल दुपारी त्यांच्या उशाशी बसली असताना त्यांच्या श्वासाच्या तळाशी एक बारीकसा आवाज येत होता, कढईत शेवटचं पाणी आटताना येतो तसा, आणि तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मग आज काचपट्टीवर त्यांच्या रक्ताचा थेंब पसरून पाहिलं, तर तिथेही ते नव्हते. म्हणजे तिच्या ओळखीचे ते नव्हते. त्यांच्या रक्तात पेशी कशा पांगलेल्या असायच्या, सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर माणसं असावीत तशा, एकमेकींना वाट देत; आता सगळीकडे त्या तीन पाकळ्यांच्या केंद्रकवाल्या, आग लागली की धावत सुटणाऱ्या, बंबासारख्या. एवढ्या बंबांची गर्दी तिनं परक्यांच्या काचपट्ट्यांवर रोज पाहिली होती.

कारण: घाई.

हेही नाही. फ्रीजर उघडताना तिला मुळीच घाई नव्हती. त्या फ्रीजरमुळे तर लग्न झालेलं. बावीस वर्षांपूर्वी त्याची किल्ली हरवली आणि समोरच्या दुकानातून एक हडकुळा तरुण आला, कुलपापुढे गुडघे टेकून बसला, कान लावून म्हणाला, "आत एवढं कुलपात ठेवण्यासारखं आहे तरी काय?" "रक्त," ती म्हणाली. "कोणाचं?" "लोकांचं." "मग लोकांनाच विचारा की किल्ली कुठाय." तिला राग आला होता. कुलूप दोन मिनिटांत उघडलं आणि तो अर्धा तास थांबला. आज सकाळी तोच दरवाजा उघडून गार वाफ तोंडावर घेत ती उभी राहिली, आणि सात कुप्यांकडे बघत तिच्या मनात आलं, की हा माणूस इथे शाबूत आहे. वर खाटेवर आहे त्याचं काय व्हायचं ते होवो, पण मागच्या वर्षीचा, त्या महिन्यातला, त्या दुपारचा हा इथे तसाच आहे, त्याला अजून काहीही झालेलं नाही. आणि हे मनात असताना त्याच्यावर पिवळं स्टिकर कसं लावणार? पिवळं म्हणजे कोणीही. पांढऱ्यावर नाव होतं.

कारण: त्यांचंच होतं ना.

असं वहीत लिहिता येत नाही. ती जिन्याकडे निघाली. लिफ्ट होती, पण लिफ्टनं फार लवकर पोचलं असतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबून तिनं स्वतःला नीट विचारलं, की फोनवर का बोलली नाहीस, आणि उत्तर आलं ते असं, की तिला त्यांना अजून थोडा वेळ नॉर्मल राहू द्यायचं होतं. दोन जिने. ते हसले म्हणाली सिस्टर. तीन दिवसांत हसले नव्हते. तीन दिवस एक परका, ओशाळलेला माणूस त्यांचा चेहरा लावून पडून होता, आणि ती त्याच्याशी 'अहो-जाहो' अशी बोलत होती, की ऐकणाऱ्याला वाटावं दूरचे पाहुणे आहेत. 'अहो' तर ती नेहमीच म्हणायची, चारचौघांत. घरात दार लावलं की 'तू'. या तीन दिवसांत पडदा ओढलेला असतानाही 'तू' तोंडातून निघालं नव्हतं. आता तो हसलाय, ती मनात म्हणाली, आणि मी त्याचं हसू काढून घ्यायला जिना चढतेय. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, अगं, बारा वाजता त्याच्या तोंडात चमचा जाईल. छातीत आधीच पाणी आणि वर चमचा. तुझ्या लाडानं मरायचा तो. मग मात्र ती दोन-दोन पायऱ्या चढली, आणि धापा टाकत वर पोचली तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. सात मिनिटं आणि ती आधीची पाच. बारा मिनिटं ती त्यांना देऊ शकली.

खाट अर्धी उभी केलेली होती. सिस्टरनं त्यांचे केस विंचरून दिले होते, भलत्याच बाजूला भांग पाडून, त्यामुळे ते एखाद्या जुन्या फोटोतल्या काकांसारखे दिसत होते. तिला पाहून म्हणाले, "बरं." तीन दिवसांत तिला त्यांचे 'बरं' वेगळे ओळखू यायला लागले होते, हा 'आलीस का एकदाची' होता. मग डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला, पार्सल उचलावं तसा, आणि चादरीवर तिच्यासमोर ठेवला. "बरं," म्हणाले. म्हणजे बघ. तिनं पाहिलं. काही नव्हतं. मग अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा, फार तर दोन दाण्यांएवढा, पण हलला, आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पोरानं पोहून दाखवून काठाकडे पाहावं तसं.

"मघापासून हेच चाललंय," सिस्टर म्हणाली. "आकडा सांगितला आणि दहा मिनिटांत अंगठा. बघा, मनाचं किती असतं."

तिला त्या अंगठ्याकडे बघत बसायचं होतं. तिला त्याबद्दल काहीही म्हणायचं नव्हतं, कुठल्याही आकड्याशी तो अंगठा जोडायचा नव्हता. ती सिस्टरला खिडकीपाशी घेऊन गेली.

"तो आकडा आजचा नाही," ती म्हणाली. "मी मशीन तपासायला त्यांचं जुनं रक्त लावलं आणि त्यावर आजचं स्टिकर लागलं. आजचा सदुसष्ट आहे. चमचा द्यायचा नाही. डॉक्टरांना आत्ता बोलवा."

"ताई, तुमच्या हातून?"

"माझ्या हातून."

"आणि मी त्यांना सांगून बसले." सिस्टरचा आवाज बारीक झाला. "आता?"

"त्यांना मी सांगते. तुम्ही फोन करा."

डॉक्टर आले. वयानं लहान, चष्मा सारखा घसरणारे. त्यांनी ओरडायला हवं होतं असं तिला वाटलं, पण त्यांनी आधी यांना पुढे वाकवून पाठीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे खाली, बराच वेळ. मग म्हणाले, "एकतीसवरून एका दिवसात एकावर येतच नाही हो. आग पार विझली तरी उरलेलं अर्धं व्हायला दिवस लागतो."

"मला माहितेय."

"तुम्हाला माहितेय. मला फोनवर कळलं तेव्हा मीही खूश झालो, हे वाईट." त्यांनी चष्मा वर सारला. "छाती भरतेय उजवीकडून. अँटिबायोटिक आत्ता सुरू करतो. नाकातली नळी राहू दे. व्यायामाच्या वॉर्डातली खाट यादीतल्या पुढच्या पेशंटला द्यावी लागेल, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. व्यायाम इथेच, बसल्या जागी, जेवढा झेपेल तेवढा. दोन तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी असं बोललो नसतो."

"वहीत लिहिते मी सगळं."

"लिहा. आणि ती घंटा चालू करा."

ते सिस्टरला औषध सांगायला टेबलाकडे वळले. ती खाटेपाशी आली. यांचं लक्ष मघापासून इकडेच होतं. शब्द हरवले होते, कान नव्हते हरवले. पाठीला नळी लावून कोणी इतका वेळ ऐकतं तेव्हा काय असतं, हे या माणसाला कुलपांमुळे ठाऊक होतं. अंगठा आता हलत नव्हता. तिनं स्टूल ओढलं, पडदा ओढला नाही.

"ऐक," ती म्हणाली. "सकाळचा आकडा तुझाच होता, पण मागच्या वर्षीचा. मीच घोळ घातला. तू नॉर्मल नाहीयेस. छातीत बिघडलंय, औषध सुरू करतायत. ते बरं होतं, बहुतेकांचं होतं. पण आज चमचा नाही, आणि तिकडची खाटही गेली. आजचा आकडा सदुसष्ट आहे."

त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू गप्प, डावीवर सगळी गर्दी. ती 'बरं'ची वाट पाहत होती, आणि तो कुठला 'बरं' असेल याची तिला भीती वाटत होती. ओठ हलले. जीभ आत कुठेतरी फिरली, चुकीच्या कुलपात किल्ली फिरावी तशी, अडली, मागे आली, पुन्हा गेली.

"स," ते म्हणाले.

ती पुढे वाकली. तिनं काही सुचवलं नाही.

"सदु." लाळ ओघळली. त्यांनी ती पुसू दिली नाही, डाव्या हातानं तिचा हात बाजूला केला, मध्ये येऊ नकोस म्हणून. कपाळावर घाम आला. "सदु... सष्ट."

टेबलापाशी सिस्टरचा हात थांबला. डॉक्टर वळले. चार दिवसांतला पहिला नवा शब्द, आणि तोही असला, जोडाक्षराचा, धडधाकट माणसाची जीभ अडखळावी असला. डॉक्टर लगबगीनं खाटेपाशी आले, घसरलेल्या चष्म्यासकट.

"काका, पुन्हा म्हणा."

"सदुसष्ट," ते म्हणाले, या वेळी सरळ.

"छान. नाव काय तुमचं?"

त्यांनी विचार केला. "सदुसष्ट."

"बरं, राहू दे नाव. आत्ता कुठे आहात तुम्ही?"

"सदुसष्ट." त्यांनाही कळत होतं की हे उत्तर नव्हे, आणि तरी तो शब्द इतका गोल, इतका सबंध निघत होता, की ते थांबायला तयार नव्हते. सिस्टर तोंडावर हात धरून हसत होती, की रडत होती, सलाईनची बाटली काखेत तशीच. डॉक्टरांनी स्टुलावर बसलेल्या तिच्याकडे बोट केलं.

"आणि या? या कोण तुमच्या?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, केसांपासून ते पांढऱ्या कोटाच्या ओल्या बाहीपर्यंत, जसं पूर्वी दुकान बंद करून आल्यावर दारात उभं राहून बघायचे. शब्द शोधत होते हे दिसत होतं. आत एकेक कप्पा उघडून पाहत होते आणि लावत होते. मग सापडला, आणि अर्धं तोंड उजळलं.

"सदुसष्ट," ते म्हणाले, अगदी हळू.

"हो," ती म्हणाली. "मीच."